पेनकिलरमुळे अंडं फुटायचं थांबतं का?

तुम्ही लिहिलंय की फॉलिकल स्टडी (अंडं जिच्यात वाढतं त्या पिशवीची, म्हणजे फॉलिकलची, सोनोग्राफीने तपासणी) सुरू आहे, कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅक ही पेनकिलर रोज चालू होती आणि डॉक्टरांनी ती पाळीच्या नवव्या-दहाव्या दिवसापासून बंद करायला सांगितली. ‘इन्फ्लमेशन, म्हणजे दाह, कमी झालं तर चांगलंच ना, मग गोळी बंद का?’ असा तुमचा प्रश्न आहे. मी मेडिकल कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवते. पहिल्या वर्षाची मुलंही दरवर्षी इथेच अडखळतात, कारण ‘दाह’ म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर आजारच येतो.

गळू आठवून बघा. आधी लाल होतं, सुजतं, ठणकतं. मग एका जागी कातडी पातळ होत जाते, त्याला ‘तोंड’ येतं आणि तिथून ते फुटतं. अंडाशयात दर महिन्याला जवळपास हेच घडतं, फक्त जंतू नसतात आणि पू नसतो. लॉरेन्स एस्पी या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1980 साली सरळ मांडलं की अंडं सुटणं ही दाहाचीच एक प्रक्रिया आहे. तेव्हा तो तर्क होता. नंतरच्या प्रयोगांनी तो बराचसा खरा ठरवला.

आपल्या ‘फुटणं’ या शब्दानेही थोडी दिशाभूल होते. फुग्यासारखा दाब वाढून फॉलिकल फटकन फुटत असेल असं वाटतं. याच एस्पींनी लिपनर यांच्यासोबत 1963 साली सशांच्या फॉलिकलमधला दाब मोजला होता. फुटायच्या आधी तो काही वाढलेला दिसला नाही. म्हणजे भिंत आतल्या जोराने फाटत नाही, ती आधी विरघळून कमकुवत होते. 2008 साली बेल्जियमच्या डॉ. जाक डोने यांना एका शस्त्रक्रियेच्या वेळी योगायोगाने हा क्षण कॅमेऱ्यात पकडता आला. अंडं बाहेर यायला सुमारे 15 मिनिटं लागली होती. फटकन वगैरे काही नाही, चिकट गोळा हळूहळू बाहेर सरकतो.

ही भिंत विरघळवतं कोण? मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूष ग्रंथीतून एलएच हे हॉर्मोन एकदम वाढतं, तिथपासून अंडं सुटेपर्यंत साधारण 36 तास जातात. (म्हणून तर टेस्ट ट्यूब बेबीमध्ये एलएचसारखंच काम करणाऱ्या एचसीजी या हॉर्मोनचं इंजेक्शन देऊन 34 ते 36 तासांनी अंडी काढतात.) या तासांत फॉलिकलच्या पेशी कॉक्स-2 नावाचं एन्झाइम भराभर तयार करतात आणि त्यातून प्रोस्टाग्लँडिन हे दाह घडवणारं रसायन बनतं. आजूबाजूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरायला लागतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी गोळा होतात, इंटरल्यूकिनसारखे निरोप सोडतात आणि भिंतीला बळकटी देणारं कोलॅजन तोडणारी एन्झाइम कामाला लागतात. या पांढऱ्या पेशी नुसत्या बघ्या नसतात. उंदराचा अंडाशय शरीराबाहेर जिवंत ठेवून त्यातून द्रव वाहता ठेवला आणि एलएचसोबत पांढऱ्या पेशी मिसळल्या, तेव्हा जास्त अंडी सुटली.

मला यातला सगळ्यात आवडणारा भाग त्या पाझरण्याचा आहे. अंड्याभोवती जो चिकट जेलीचा थर फुगतो, त्याचे धागे एकमेकांना बांधणारं एक प्रथिन रक्तातून येतं. रक्तवाहिन्या गळक्या झाल्याशिवाय ते आत पोचत नाही. हे प्रथिन बनवू न शकणाऱ्या उंदीर-माद्यांमध्ये तो थर नीट बनत नाही आणि त्यांना पिल्लं होणं अवघड होतं.

आता तुमची गोळी. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी औषधं कॉक्स एन्झाइमलाच अडवतात. कंबरेतलं अडवायचं आणि अंडाशयातलं सोडायचं, एवढी निवड त्यांना जमत नाही. कॉक्स-2 नसलेल्या उंदीर-माद्यांमध्ये अंडी सुटत नाहीत. त्यांना बाहेरून प्रोस्टाग्लँडिन दिलं की सुटतात. बगदादमधल्या एका अभ्यासात, जो 2015 साली युरोपातल्या संधिवाताच्या परिषदेत मांडला गेला, कंबरदुखीच्या 39 स्त्रिया होत्या. पाळीच्या दहाव्या दिवसापासून 10 दिवस गोळ्या दिल्या. डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांपैकी 6.3 टक्के, नॅप्रोक्सेनवाल्यांपैकी 25 आणि एटोरिकॉक्सिबवाल्यांपैकी 27.3 टक्के जणींचंच अंडं फुटलं. यातलं कोणतंच औषध न घेणाऱ्या सगळ्यांचं फुटलं. अभ्यास लहान आहे, आकडे दगडावरची रेघ मानू नका, पण दिशा उंदरांच्या प्रयोगांशी जुळते.

यात एक फसवी गोष्ट आहे. गोळीने एलएच थांबत नाही. त्यामुळे लघवीतलं एलएच बघणारी, घरी करायची ओव्ह्युलेशन किट पॉझिटिव्ह येते. न फुटलेलं फॉलिकलही प्रोजेस्टेरॉन बनवायला लागतं, त्यामुळे सकाळचं तापमान वाढतं आणि पाळीही येते. सगळं ठीक दिसतं, अंडं मात्र आतच अडकलेलं असतं. सोनोग्राफीतच कळतं की 20 मिलिमीटरचं फॉलिकल तसंच बसलंय. तुमच्या डॉक्टर दिवसाआड बोलावतात ते उगीच नाही.

घाबरायचं कारण नाही, गोळी बंद केली की हा परिणाम जातो. एखाद-दुसऱ्या गोळीने महिना वाया गेला असंही समजू नका. रोजची गोळी आणि तीही पाळीच्या मधल्या दिवसांत, हा मुद्दा आहे. कंबर फारच दुखली तर त्या दिवसांत पॅरासिटामॉल चालेल का, हे डॉक्टरांना विचारा. संधिवातासाठी गोळ्या असतील किंवा कमी मात्रेची ॲस्पिरिन कोणी मुद्दाम लिहून दिली असेल, तर मात्र माझं उत्तर वाचून स्वतःहून बंद करू नका, तो हिशोब वेगळा असतो. आणि ‘हळदही दाह कमी करते म्हणतात, मग तीही बंद करू का?’ असं खाली कोणीतरी विचारेलच म्हणून सांगते, भाजीतली हळद खुशाल खा.