चेंडूवरची हुकमत कशी पारखावी?

प्रश्न : पहाटे उठून एनबीएचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉलचे) सामने पाहण्याची सवय आमच्या घरात माझ्याकडून पुतण्याकडे गेली आहे आणि तिच्यामागोमाग वादही गेला आहे. माझ्या मते चेंडू हाताळण्यात ॲलन आयव्हरसनला तोड नाही. पुतण्या कायरी अर्व्हिंगशिवाय दुसरे नाव ऐकून घेत नाही. आणि थोरले बंधू म्हणतात की ही सगळी सर्कस आहे, शेवटी गुण किती झाले तेवढेच मोजावे. यांत खरा श्रेष्ठ कोण, आणि ते ठरवायचे कशावरून?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आपल्या थोरल्या बंधूंचा आक्षेप आधी विचारात घेतो, कारण कसोटी त्यातच सापडते. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स या प्रदर्शनी सामने खेळणाऱ्या संघातला मार्केस हेन्स गुडघे टेकून, जमिनीवर घसरत चेंडू नाचवीत असे आणि त्याच्या काळात तसे हात दुसऱ्या कोणाचे असतील असे मला वाटत नाही. तरीही चुरशीच्या सामन्यातली हुकमत मोजायची असेल, तर नजर चेंडूवरून काढून बचावपटूच्या पायांवर ठेवावी लागते. रत्नागिरीत कबड्डी पाहत वाढलेल्या माणसाला हे वेगळे सांगायला नको : चढाई करणारा एका बाजूला झुकतो, कोपऱ्यावरच्या खेळाडूचा भार त्या पायावर गेला की दुसऱ्या बाजूला वळतो, आणि भार चुकीच्या पायावर पडलेला माणूस परत येईपर्यंत गडी टिपून मोकळा होतो. क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे चेंडूचा हात एकाएकी बदलून दिशा पालटण्याच्या चालीत, हेच घडते. फक्त हे सर्व करताना सुमारे ७५ सेंटिमीटर परिघाचा चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात, जमिनीवर आपटून, न्यावा लागतो.

या कसोटीवर आयव्हरसनचे जे उदाहरण सर्वांना पाठ आहे, ते १२ मार्च १९९७ रोजी फिलाडेल्फियात घडले. पहिल्याच हंगामात खेळणाऱ्या आयव्हरसनसमोर मायकेल जॉर्डन होता. आयव्हरसनने आधी एक छोटा क्रॉसओव्हर करून जॉर्डन फसतो का हे अजमावले, आणि तो हलल्याचे पाहताच तीच चाल मोठ्या पल्ल्याने पुन्हा केली. जॉर्डन चुकीच्या बाजूला गेला, तरी सावरून परत आला आणि त्याचा हात चेंडूपासून थोडक्यात राहिला. हे लोक सांगत नाहीत, आणि तो सामना जॉर्डनच्या शिकागोने जिंकला हेही सांगत नाहीत. ही चाल आयव्हरसनने जॉर्जटाउन विद्यापीठात एका फारसे नाव नसलेल्या सहखेळाडूकडून उचलली होती, आणि त्याच्याही आधी टिम हार्डवेने गोल्डन स्टेटकडून खेळताना पायांमधून टप्पा देऊन लगेच दिशा बदलण्याची आपली पद्धत रूढ केली होती.

थोरल्या बंधूंना मात्र मी बॉब कूझीचे उदाहरण देईन. लहानपणी झाडावरून पडून उजवा हात मोडला तेव्हा त्याने डाव्या हाताने खेळण्याचा सराव केला, आणि पुढे बॉस्टनकडून सलग आठ हंगाम सर्वाधिक असिस्ट (सहकाऱ्याला थेट गुण मिळवून देणारे पास) त्याच्याच नावावर राहिले. त्याच्या सुरुवातीच्या वर्षांत चेंडू मिळाल्यावर २४ सेकंदांत बास्केटकडे फेकण्याचा नियम नव्हता (तो १९५४ मध्ये आला), त्यामुळे आघाडी मिळाल्यावर चेंडू आपल्याकडे ठेवून वेळ काढणे हे प्रत्यक्ष सामना जिंकण्याचे साधन होते. १९५३ मध्ये सिरॅक्यूजविरुद्ध चार जादा डावांपर्यंत लांबलेल्या बाद फेरीच्या सामन्यात कूझीने ५० गुण केले आणि त्यांपैकी ३० फ्री थ्रोवर (प्रतिस्पर्ध्याच्या फाउलबद्दल मिळणाऱ्या मुक्त फेकीवर) मिळाले, कारण त्याच्याकडून चेंडू काढून घ्यायचा तर फाउल करण्यावाचून प्रतिस्पर्ध्यांना गत्यंतर नव्हते. याला सर्कस म्हणणे कठीण आहे.

पीट मॅराविचचे वडील प्रशिक्षक होते आणि ते गाडी चालवीत असताना मुलगा खिडकीतून हात बाहेर काढून रस्त्यावर चेंडूचे टप्पे देत असे. त्याच्या कौशल्याविषयी वाद नाही, पण त्याचे संघ फारसे जिंकले नाहीत, एवढी खंत राहते. मॅजिक जॉन्सन ६ फूट ९ इंच उंच होता, म्हणजे त्याच्या हातातून जमिनीपर्यंतचा चेंडूचा प्रवास लांब आणि म्हणून हिसकावून घ्यायला सोपा; तरीही तो पाठीने बचावपटूला रोखून चेंडू सुरक्षित नेई. क्रिस पॉल तर सहकाऱ्याच्या आडोशातून बाहेर पडल्यावर वेग मुद्दाम कमी करतो आणि बचावपटूला आपल्या पाठीशीच अडकवून ठेवतो, हे पाहण्यासारखे आहे. जॉन स्टॉकटनच्या खेळात दिखाऊ असे काहीच नव्हते. १९ हंगामांत १५,८०६ असिस्ट, एवढे म्हणून पुढे जाऊ.

आता निर्णय. निव्वळ हातांचे कसब म्हणाल तर कौल आपल्या पुतण्याच्या बाजूने, म्हणजे अर्व्हिंगला. दोन्ही हात इतके सारखे चालणारा, इतक्या अडचणीच्या जागेत चेंडू न गमावणारा आणि शेवटी कोणत्याही कोनातून बोर्डावर आदळवून गुण मिळवणारा दुसरा खेळाडू मला आठवत नाही. २०१६ च्या अंतिम मालिकेतल्या सातव्या सामन्यात ८९-८९ अशी बरोबरी आणि एक मिनिटाहून कमी वेळ उरलेला असताना त्याने स्टीफन करीला टप्प्यांवर झुलवत ठेवून त्याच्यावरून तीन गुणांचा फटका मारला. मात्र साऱ्या मैदानभर दबाव टाकणाऱ्या संघाविरुद्ध चेंडू पुढे न्यायला मला एकच माणूस निवडायचा असेल, तर मी डेट्रॉइटला १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवून देणारा आयझाया थॉमस निवडेन. आयव्हरसन या दोघांच्या खालोखाल.

प्रश्न : आयव्हरसनची ती चाल मुळात नियमबाह्य होती, असे आमचे जुने शिक्षक सांगतात. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : तळवा चेंडूच्या खाली जाऊन चेंडू क्षणभर हातात विसावला, तर तो 'कॅरी' ठरतो. जुन्या चित्रफितींत कूझीचा तळवा बहुतेक वेळा चेंडूच्या वर दिसतो. आयव्हरसनचा बाजूला आणि कधी खालीही सरकतो. नियमावर काटेकोर बोट ठेवले तर आपल्या शिक्षकांचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे, पण त्या काळात पंच तेवढे सोडून देत असत आणि आजही देतात. उलट बाजू अशी की, बचावपटूने हाताने अडवून धरण्यावर २००४-०५ पासून अधिक कडक बंधन आले. आयव्हरसनची उमेदीची वर्षे त्यापूर्वीची, तेव्हा कमरेवर टेकलेला हात झुगारून त्याला जावे लागत असे. आजच्या खेळाडूंशी त्याची तुलना करताना दोन्ही गोष्टी जमेस धराव्यात.

प्रश्न : मुलगी नववीत आहे आणि शाळेच्या संघात खेळते. पावसाळ्यात आमचे मैदान शेवाळलेले असते. घरी पडवीत सराव करून उपयोग होईल का, आणि तिने कोणाचा खेळ पाहावा?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : चेंडू हाताळण्याच्या सरावाला जागा फार लागत नाही, तेव्हा कोरडी पडवी पुरेशी आहे, शेवाळावर मात्र तिला मुळीच उतरू देऊ नये. टप्पा गुडघ्याच्या खाली ठेवून आधी कमकुवत हाताने, मग दोन्ही हातांनी दोन चेंडू एकाच वेळी, आणि नजर समोर भिंतीवर, असा क्रम ठेवावा. स्टीफन करी सामन्यापूर्वी दोन चेंडूंचा सराव करतो, तो तिला अवश्य दाखवावा. पाहण्यासाठी आयव्हरसनपेक्षा क्रिस पॉल बरा, कारण तो वेग कमी कधी करतो हे नवशिक्यालाही नीट दिसते. हवा दमट असली की चेंडू हातातून निसटतो, म्हणून जवळ कोरडा पंचा ठेवून चेंडू आणि हात मधूनमधून पुसत राहावे.