जगात सगळीकडे अग्निशमन दलाचे जवान पगारी सरकारी नोकर असतात का?

नाही. बऱ्याच देशांत आग विझवायला येणारी माणसं एरवी शिक्षक, सुतार किंवा दुकानदार असतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियात बहुतेक गावांची भिस्त स्वयंसेवकांवरच आहे. पूर्णवेळ पगारी दल मुख्यतः मोठ्या शहरांत; ऑस्ट्रियात तर अशी शहरं मोजून ६. अमेरिकेतही निम्म्याहून जास्त जवान स्वयंसेवक आहेत. चिलीची तर कमालच: तिथे राजधानी सान्तियागोतसुद्धा जवान बिनपगारी, आणि ही परंपरा १८५१ मध्ये वालपाराइसो बंदरातून सुरू झालेली.

फ्रान्सचा प्रकार मला सगळ्यात मजेशीर वाटतो. पॅरिसमध्ये आग विझवतं ते चक्क लष्कर. १८१० मध्ये ऑस्ट्रियाच्या राजदूताने दिलेल्या मेजवानीत भीषण आग लागली. नेपोलियन स्वतः तिथे हजर होता. त्या वेळच्या दलाचा ढिसाळपणा पाहून त्याने १८११ मध्ये हे काम लष्करी तुकडीकडे सोपवलं. मार्सेमध्ये मात्र नौदल! १९३८ मध्ये तिथल्या एका मोठ्या दुकानाला आग लागून ७३ माणसं गेली, त्यानंतर पुढच्याच वर्षी नौसैनिकांची तुकडी उभी राहिली. बाकी फ्रान्समध्ये नागरी दलंच आहेत, आणि त्यांतही स्वयंसेवकच जास्त.