जर्मनीत यूएक्स डिझायनर म्हणून यायचंय? थोडं पोर्टफोलिओबद्दल, जास्त मुलीच्या शाळेबद्दल

तू विचारलंस ते थोडक्यात असं: नाशिकला जाहिरात एजन्सीत ग्राफिक डिझायनर आहेस, यूएक्सकडे, म्हणजे अ‍ॅप-वेबसाइट माणसाला सहज वापरता येतील अशी रचना करण्याकडे, वळायचंय, नवऱ्याची तयारी आहे, मुलगी सात वर्षांची आहे आणि दोनेक वर्षांत जर्मनीत यायचा बेत आहे. कोर्स कुठला करू, पोर्टफोलिओत किती प्रोजेक्ट लागतात आणि तिकडे करमतं का? मला ताई म्हणालीस, म्हणून अगंतुगं करते. उत्तर दोन ओळींत देणार होते, पण मुलीचं वय वाचलं आणि तसं जमेना.

ब्लू कार्ड (नोकरीवर येण्याचा परवाना), चान्सनकार्ट (नोकरी शोधायला येण्याचा परवाना), पगाराची किमान मर्यादा हे सगळं जर्मन दूतावासाच्या पानांवर आहे आणि आकडे दरवर्षी बदलतात. ते तिथेच वाच.

कोर्सचं आधी संपवते. वेळ आणि पैसा असेल तर सीईईडी ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात किंवा तशा संस्थेत एमडेस (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी) कर. तिथे दोन वर्षं कामावर होणारी टीका ऐकायची सवय लागते आणि ती जन्मभर पुरते. तेवढं शक्य नसेल तर कोर्सेरावरचा गूगलचा सर्टिफिकेट कोर्स पायाभूत शब्द कळण्यापुरता ठीक आहे. फक्त त्यातले सरावाचे प्रोजेक्ट पोर्टफोलिओत ठेवू नकोस. इथे जर्मनीत आमच्या कंपनीत अर्ज येतात तेव्हा मीही ते चाळायला बसते. रंगीत चिठ्ठ्यांनी भरलेली भिंत, हसऱ्या फोटोची 'पर्सोना' (मनाने रचलेला वापरकर्ता), एखाद्या प्रसिद्ध खाण्याच्या अ‍ॅपचं नवं रूप, हे इतक्या वेळा दिसतं की अर्जदाराचा चेहराच हरवतो. शिवाय चकचकीत स्क्रीन आता एआयची साधनं काही मिनिटांत करून देतात. तो स्क्रीन तसाच का झाला, हे तू सांगू शकतेस का, एवढंच बघायचं उरलंय.

प्रोजेक्ट तीन पुरेत. दोन चांगले असतील तर दोनच ठेव.

माझं उदाहरण सांगते, कारण मला इथे मुलाखती मिळाल्या त्या एका प्रोजेक्टमुळे आणि त्यासाठी मला कुणी पैसे दिले नव्हते. पुण्यात मी हिंजवडीला एका कंपनीत स्क्रीन रंगवायचं काम करत होते. त्या कामावर गोपनीयतेचा करार होता, त्यामुळे दाखवण्यासारखं हातात काही नव्हतं. (तुझंही तसं असेल तर ग्राहकाचं नाव काढ, स्क्रीन साध्या रेघांत पुन्हा काढ आणि तसं केलंय हे वर लिही. इथे त्याचा आदर होतो.) गडहिंग्लजकडे मामाच्या गावात दूध संकलन केंद्र आहे. सकाळ-संध्याकाळ बायका किटली घेऊन रांगेत, दूध मापात, नमुना मशीनमध्ये, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातला बाकी घन भाग) लागतं आणि चिठ्ठी बाहेर येते. चिठ्ठीवर कोड, तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, सगळं एकाच बारीक अक्षरात. मी सुट्टीत तिथे जाऊन नुसती उभी राहायचे. बायका चिठ्ठी घडी करून पिशवीत जपून ठेवायच्या, कारण दर दहा दिवसांच्या बिलाशी ती ताडून बघायची असते. पण थर्मल कागदावरची शाई तोवर फिकी पडायची.

मला आधी सुचलं ते अ‍ॅप. ते मी टाकून दिलं, कारण घरातला चांगला फोन पोराकडे आणि पोरगं पुण्यात. मग चिठ्ठीच बदलली: लिटर आणि फॅट मोठ्या अक्षरात, खाली त्या दहा दिवसांची आतापर्यंतची बेरीज, म्हणजे जुनी चिठ्ठी पुसली गेली तरी शेवटची एक जपली की पुरे. शेजारी कालची फॅटही छापली. त्यावर केंद्राचे सेक्रेटरी म्हणाले, "ताई, कालची फॅट छापलीत तर काउंटरवर रोज भांडणं लागतील आणि मागची रांग अडेल." त्यांचं खरं होतं. दूध घालणारीला तो आकडा हवा होता आणि रांग चालवणाऱ्याला नको होता. शेवटी तो आकडा रोजच्या चिठ्ठीवरून काढून दहा दिवसांच्या बिलावर तक्त्यात घेतला.

म्युनिकच्या मुलाखतीत त्या लोकांनी जास्त वेळ फक्त सेक्रेटरींच्या आक्षेपाबद्दल विचारलं. दोन माणसांच्या गरजा एकमेकींना छेद देतात तेव्हा तू काय करतेस, हे त्यांना हवं होतं. म्हणून तुझ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये टाकून दिलेला पर्याय दाखव, तुला विरोध कुणी केला ते लिही आणि शेवटी कुणाचं काय राहून गेलं तेही लिही.

तुझ्या सासरी निफाडला द्राक्षबाग आहे म्हणालीस. मग प्रोजेक्ट शोधत कशाला फिरतेस? निर्यातीच्या बागेला फवारणीची नोंद ठेवावीच लागते. कुठलं औषध, किती मात्रा, काढणीच्या किती दिवस आधी. युरोपात औषधाचा उरलेला अंश (रेसिड्यू) जास्त निघाला तर माल अडतो. अपेडा या सरकारी कृषी-निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट नोंदप्रणालीमुळे माग थेट बागेपर्यंत काढता येतो. ती नोंद कोण लिहितं? ब्लोअर चालवणारा, मालक, की रात्री आठवून सुनबाई? लिहिताना हात ओले असतात का? ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत ती वही बघ. जर्मन दुकानात नाशिकची द्राक्षं मी विकत घेते, त्यामुळे मुलाखतीत समोरच्याला वेगळं समजावून सांगायची गरज पडणार नाही.

पाच-सहा जणांवर चाचणी घेतलीस तरी चालेल. वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० मध्ये मांडलं होतं की पाच वापरकर्त्यांत सुमारे ८५ टक्के अडचणी दिसतात. पण ते एकाच प्रकारच्या वापरकर्त्यांना लागू. मालक आणि मजूर हे दोन वेगळे गट धर.

इथे येणाऱ्यांच्या पोर्टफोलिओत हमखास नसते ती गोष्ट म्हणजे अपंगांना वापरता येईल अशी रचना. २८ जून २०२५ पासून जर्मनीत तशी रचना बंधनकारक करणारा कायदा लागू झालाय, ऑनलाइन दुकानं आणि बँकसेवाही त्यात येतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ : १, फक्त कीबोर्डवर सगळं करता येणं, हे एका प्रोजेक्टमध्ये खरोखर तपासून दाखव. आणि तू ग्राफिकमधून येतेस हे लपवू नकोस. ओळीची उंची कमी पडली की देवनागरीच्या मात्रा कापल्या जातात, हे तुला डोळ्यांनी कळतं. इथे जर्मनचे लांब शब्द बटणात मावत नाहीत, तेव्हा तोच डोळा कामी येतो.

काम फार झगमगीत नसेल, याची तयारी ठेव. मी गोदामातल्या कामगारांच्या हातातल्या स्कॅनरवरचे स्क्रीन करते. कामगारांचं निरीक्षण करायचं तर आधी कामगार परिषदेशी (कंपनीतल्या कामगारांनी निवडलेल्या प्रतिनिधींशी) बोलावं लागतं, रेकॉर्डिंगला प्रत्येकाची लेखी संमती लागते. मला हे आवडतं. माणसाला विचारल्याशिवाय त्याच्याकडे बघायचं नाही, ही रीत चांगली आहे.

कागदपत्रांवर लिहायला बसले तर रात्र सरेल. दोनच सांगते. एक, इथल्या कंपन्या जुन्या प्रत्येक नोकरीचं सविस्तर प्रशस्तिपत्र मागतात आणि आपल्याकडे दोन ओळींचं 'टू हूमसोएव्हर इट मे कन्सर्न' मिळतं. एजन्सी सोडायच्या आधी साहेबांकडून पानभर लिहून घे: काय केलंस, कसं केलंस. दुसरं नावाचं. माझ्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात माझं आणि नवऱ्याचं, दोन्ही नावं आहेत, म्हणून इथल्या एका कचेरीने दोन्ही माझीच धरली. वर्षानुवर्षं मला पत्रं श्रीमान म्हणून येत राहिली, दुरुस्तीचा अर्ज केला की उत्तरही त्याच नावाने. आम्ही राहायला आलो तेव्हा पत्रपेटीवर वेगळं आडनाव लावलेलं होतं, म्हणून बँकेचं पत्र परत गेलं. ते पत्र नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून पगार अडला. रोज फॉर्म बनवणाऱ्या माणसाला असा फॉर्म भरताना काय होतं, ते तुला इथे आल्यावर कळेलच.

आता शाळा.

बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. चौथीत मे महिन्याच्या सुरुवातीला एक दाखला मिळतो: जर्मन, गणित आणि परिसर अभ्यास या तीन विषयांची सरासरी. इथे १ म्हणजे उत्तम. सरासरी २.३३ किंवा त्याहून चांगली असेल तर गिम्नाझिउम (थेट विद्यापीठाकडे नेणारी शाळा), २.६६ पर्यंत रेआलशूलं (मधली, दहावीपर्यंतची), त्यापुढे मिटेलशूलं (मुख्यतः कामधंद्याच्या शिक्षणाकडे नेणारी). दहा वर्षांच्या मुलाचं हे ठरतं. आम्ही आलो तेव्हा माझा मुलगा दुसरीत बसला, जर्मनचा एक शब्द येत नव्हता. चौथीत त्याला गणितात १, परिसर अभ्यासात ३, जर्मनमध्ये ४. सरासरी २.६६.

बाई प्रेमळ होत्या. म्हणाल्या, रेआलशूलंसुद्धा छान असते, तिथूनही पुढचे मार्ग आहेत. खरंच आहेत. पण नियमांत आणखी एक ओळ आहे: जी मुलं पहिलीपासून जर्मन शाळेत नव्हती, त्यांची सरासरी ३.३३ पर्यंत असली तरी, घसरण जर्मन भाषेमुळे असेल आणि ती भरून निघण्यासारखी असेल, तर शाळा त्यांना गिम्नाझिउमसाठी पात्र ठरवू शकते. माझा मुलगा त्यात अगदी बसत होता. शाळेने पाठवलेल्या पत्रात ती ओळ नव्हती, भेटीत कुणी ती उच्चारली नाही. मला ती पुढच्या वर्षी एका तुर्की आईकडून फुटबॉलच्या मैदानावर कळली. त्या वेळी माझं जर्मन गोदामातल्या माणसांशी बोलण्याइतकं होतं, पण नियमावलीच्या पोटकलमांत शिरण्याइतकं नव्हतं.

तो आता आठवीत आहे. मजेत आहे, लाकूडकामात हुशार आहे, त्याला त्या सरासरीचं काही वाटत नाही. माझी आई फोनवर अजून विचारते, "त्याला इंजिनिअर होता येईल ना गं?" येईल म्हणते. ते खोटंही नाही. पण माझ्या पोटातलं ते गेलेलं नाही आणि जाईल असं वाटतही नाही. लोकांना माहिती नीट दिसावी म्हणून मी पगार घेते, आणि माझ्याच मुलाच्या वाटेची ओळ मला कुणी दाखवली नाही.

हिशोब कर. मुलगी आज सात, दोन वर्षांनी नऊ. म्हणजे ती थेट तिसरी-चौथीत येऊन पडेल आणि वर्ष-दीड वर्षात तो दाखला. बव्हेरियात यायचं असेल तर ती ३.३३ची ओळ छापून घे आणि पहिल्याच पालकभेटीत स्वतःहून काढ. नाहीतर बर्लिन किंवा ब्रांडेनबुर्गमधली नोकरी बघ, तिथे प्राथमिक शाळा सहावीपर्यंत असते, पोरीला दोन वर्षं जास्त मिळतील. नोकरी थोडी कमी पगाराची असली तरी.

करमतं का? पहिला हिवाळा जड जातो. मराठी मंडळं आहेत, गणपती बसतो, पुरणपोळ्या होतात. बाकी करमून घ्यावं लागतं, त्यावर आणखी लिहीत नाही.

जर्मन मात्र आजपासून, आणि तिघांनी. पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाचे वर्ग ऑनलाइनही असतात. नोकरीच्या जाहिरातीत इंग्रजी चालेल म्हटलेलं असलं तरी बी-२ ही पातळी (अडखळता न येता बोलण्याइतकं जर्मन) गाठून ये, कारण वापरकर्ते इंग्रजीत वैतागत नाहीत. स्क्रीन अडला की ते बव्हेरियन बोलीत पुटपुटतात आणि तेच आपल्याला ऐकायचं असतं. मुलीला रोज अर्धा तास जर्मन गोष्टी ऐकव, समजल्या नाहीत तरी चालतील.

फवारणीच्या वहीचं काम सुरू झालं की पहिला कच्चा मसुदा पाठव, मी ओळ न् ओळ वाचून टीका करीन. पण कुठल्या राज्यातल्या नोकरीला हो म्हणायचं हे ठरवण्याआधी मला फोन कर. रात्री उशिरा केलास तरी उचलेन.