रात्रपाळीत विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. रात्री अडीचच्या सुमाराला त्या आजींनी तुझा हात धरून विचारलं, "सिस्टर, मेल्यावर माणूस कुठं जातो गं?" आणि तू म्हणालीस, "आजी, असलं काही बोलायचं नाही, तुम्ही ठणठणीत बऱ्या होणार." त्यांनी हात सोडला आणि भिंतीकडे तोंड केलं. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. तेव्हापासून त्यांची ती पाठ डोळ्यांपुढून हलत नाही, असं लिहिलंयस.

तुझं ते उत्तर मीही दिलेलं आहे, एकदा नव्हे, कितीदा तरी. त्यात पाप नाही. घाबरलेल्या माणसाच्या तोंडून तेच निघतं, आणि रात्री अडीच वाजता बावीस पेशंट एकटीने सांभाळणारी मुलगी घाबरलेलीच असते. आजी रागावल्या असतील असं मला वाटत नाही. ही पोर या विषयावर बोलणार नाही, एवढं त्यांना कळलं असेल.

तुझं खरं दुखणं मात्र पत्राच्या मागच्या पानावर आहे. देव आहे की नाही याचीच तुला खात्री नाही, मग परलोकाबद्दल तू काय सांगणार आणि प्रार्थना तरी कुठल्या तोंडाने करणार, असं तू विचारतेस. म्हणजे देव, प्रार्थना आणि मरणानंतरचं, हे तिन्ही तू एकाच गाठोड्यात बांधून टाकलंस. एक धागा निसटला की सगळं खाली. तुझ्या वयाची असताना मीही असंच समजत होते. पस्तीस वर्षं लोकांच्या उशाशी बसले, निवृत्तीनंतर थोडंफार वाचलं, आणि लक्षात आलं की या तिन्हींची मोट सगळ्यांनी एकसारखी बांधलेलीच नाही.

जैनांचं बघ. जग निर्माण करणारा देव ते मानत नाहीत. तरी त्यांचा णमोकार मंत्र रोज लाखो घरांत म्हटला जातो. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय आणि सगळे साधू, अशा पाच जणांना नमस्कार. कुणाचं नाव नाही, कुणाकडे काही मागणं नाही. पुनर्जन्माचा हिशेब मात्र काटेकोर. वेदांतल्या यज्ञांचा शब्द न् शब्द जपणारे जुने मीमांसक तर आणखी गमतीचे. यज्ञाचं फळ द्यायला त्यांना ईश्वर लागतच नव्हता. कर्मातून 'अपूर्व' नावाची शक्ती उभी राहते आणि तीच वेळ आली की फळ देते, असं त्यांचं म्हणणं. इतके कर्मठ लोक, आणि देवावाचून त्यांचं काही अडलं नाही!

ज्यूंच्या धर्मग्रंथात याच्या उलट. देव पानोपानी, मरणानंतरचं मात्र जेमतेम. शिओल म्हणून एक अंधारी, मुकी जागा आहे. भला-बुरा, जो मरेल तो तिथे जातो. मेलेले पुन्हा उठतील असं स्पष्ट वचन येतं ते दानीएलाच्या पुस्तकात, आणि ते पुस्तक त्या संग्रहातल्या सगळ्यांत उशिराच्या लिखाणापैकी आहे. येशूच्या काळात ज्यूंचे दोन पंथ होते: परूशी पुनरुत्थान, म्हणजे मेलेल्यांचं पुन्हा उठणं, मानत होते, सदूकी साफ नाकारत होते. मंदिर दोघांचं एकच, देव एकच.

बुद्धांना मालुंक्यपुत्त नावाच्या भिक्षूने धरलंच होतं: तथागत मरणानंतर असतो की नसतो, सांगा, नाहीतर मी संघ सोडून जातो. बुद्धांनी सांगितलं नाही. विषारी बाण लागलेला माणूस बाण मारणाऱ्याचं नावगाव, जात, उंची कळल्याशिवाय बाण काढू देत नाही, तशी तुझी गत आहे, एवढंच म्हणाले. दृष्टान्त तुला ठाऊक असेल. आपल्या कामात तो मला नेहमी पटतो, फक्त एक अडचण आहे. बाण आता निघणार नाही हे ज्याला कळलंय, त्याला दुसरं विचारायला उरतंच काय?

एका धर्माच्या आतसुद्धा एकवाक्यता नसते. स्वर्ग म्हणजे कायमचा मुक्काम असं बरेच हिंदू धरून चालतात, पण गीतेच्या नवव्या अध्यायात सरळ लिहिलंय की पुण्य संपलं की तिथून परत यावं लागतं. मेल्यावर शुद्धीचा एक काळ असतो असं कॅथलिक मानतात, म्हणून मृतांसाठी प्रार्थना करतात. प्रोटेस्टंटांनी ती कल्पनाच काढून टाकली. त्यामुळे केस पेपरवरच्या धर्माच्या रकान्यावरून माणसाच्या मनातलं ओळखायला जाऊ नकोस. देवघराशिवाय ज्यांचा दिवस उजाडला नाही असे एक गृहस्थ मला म्हणाले होते, "पुढचा जन्म असेल तर मला वगळा म्हणावं." आणि जिच्या धर्मात पुनर्जन्म नाहीच अशी एक बाई लेकीला सांगत होती, "पुढच्या वेळी तू माझी आई हो." तिला दुरुस्त करायला कोण जाणार?

आता प्रार्थना. लागू पडते का, हे शोधायचा प्रयत्न झालेला आहे. २००६ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. बायपास झालेल्या १८०२ रुग्णांचे तीन गट केले होते. एका गटासाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, एकासाठी केली नाही, आणि आपण कुठल्या गटात आहोत हे या दोघांनाही माहीत नव्हतं. शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झालेले निघाले ५२ आणि ५१ टक्के, म्हणजे फरक नाहीच. तिसऱ्या गटाला 'तुमच्यासाठी नक्की प्रार्थना होणार आहे' असं सांगितलं होतं. त्यांच्यात हे प्रमाण ५९ टक्के! 'माझ्यासाठी प्रार्थना करायची पाळी आली म्हणजे मी इतका वाईट आहे का' या धास्तीने तसं झालं असेल, असाही एक अंदाज निघाला. मला तो अंदाज लगेच पटला. पडद्यामागे कुजबुज सुरू झाली की पेशंटची नाडी कशी धावते ते तूही पाहिलं असशील.

नास्तिक मंडळी हा अभ्यास हातात घेऊन फिरतात. मला त्याचं विशेष काही वाटत नाही. त्यात प्रार्थना गोळीसारखी दिली होती, आणि गोळी म्हणून ती चालत नाही हे दिसलं, ठीक. पण मी ज्यांना प्रार्थना करताना पाहिलं त्यातले कितीतरी जण गोळी मागतच नव्हते. मुसलमानांत नमाज वेगळी आणि दुआ वेगळी. दुआत माणूस मागतो. नमाज पाच वेळा ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या हालचालींत, मागायचं काही नसलं तरी पढायची. बसऱ्याच्या राबिया या सूफी संत बाईची एक प्रार्थना सांगतात: नरकाच्या भीतीने तुझी भक्ती करत असेन तर मला नरकात जाळ, स्वर्गाच्या आशेने करत असेन तर स्वर्ग मला बंद कर. आपले तुकोबा तर मुक्ती नको म्हणाले. तुझा विसर नको आणि संतांचा संग दे, मग पुन्हा खुशाल गर्भवासात घाल. परलोकासाठी देवाला धरून ठेवणारे आपण, आणि ही माणसं परलोकच परत करत होती.

आणि मागण्यालाही शहाणपणाची मर्यादा असते. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या संग्रहात एक उदाहरण आहे. गावाकडे परतताना कुणाला आक्रोश ऐकू आला आणि तो म्हणाला, "हे माझ्या घरातलं नसू दे," तर ती प्रार्थना फुकट गेली. कुणाच्या घरातलं ते आधीच ठरून गेलंय. रिपोर्टचं पाकीट हातात धरून, ते उघडण्याआधी डोळे मिटणारे नातेवाईक बघितले की मला ते वाक्य आठवतं. त्यांना ते सांगावंसं कधीच वाटलं नाही.

आता माझी एक चूक सांगते, म्हणजे तुझ्या त्या रात्रीचं ओझं थोडं हलकं होईल. नोकरीला चार-पाच वर्षं झाली असतील. नऊ दिवसांचं बाळ गेलं. आईजवळ बसून मी म्हणाले, "पूर्वसंचित असतं बाई, त्याचं एवढंच देणं होतं." तिने मान वर केली. "म्हणजे माझ्या बाळानं पाप केलं होतं?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. बायबलात ईयोब नावाच्या, सगळं गमावून बसलेल्या माणसाची गोष्ट आहे. तीत त्याचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, एक शब्द न बोलता. तोवर सगळं ठीक. मग ते त्याला कारणं समजावू लागतात, आणि शेवटी देव रागावतो तो त्या समजावणाऱ्यांवर. मला त्या दिवशी सात दिवस गप्प बसायला कुणी सांगितलं नव्हतं, सात मिनिटंसुद्धा जमलं नाही.

तेव्हा पुढल्या वेळी कुणी विचारलं की कुठं जातो, तर "तुम्हाला काय वाटतं?" असं विचार आणि स्टूल ओढून बस. उभ्याने विचारू नकोस, उभ्या माणसाला कुणी खरं सांगत नाही. बहुतेकांचं उत्तर तयार असतं, ते ऐकायला कुणी हवं असतं. काहींना परलोकाशी देणंघेणं नसतं, धाकट्या भावाशी अबोला असतो. त्याला फोन लावून द्यायचा. कुणी उलट "तुम्ही मानता का?" असं विचारलं, तर "मला ठाऊक नाही" म्हण. मी हे शेकडो वेळा म्हटलंय, आणि त्यावरून कुणाची श्रद्धा ढासळलेली बघितली नाही. शेजारी उभी राहून प्रार्थना करायला सांगितलं तर उभी राहा. जे शब्द तुझे नाहीत ते म्हणू नकोस, हात जोडून गप्प राहिलीस तरी चालतं.

माणूस गेल्यावर मात्र विचारल्याशिवाय घाई करू नकोस. मुसलमान नातेवाईक चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, करायला सांगतील. ज्यू कुटुंबाला देह एकटा सोडायचा नसतो. तिबेटी बौद्धांत प्राण लगेच पूर्ण सुटत नाही अशी समजूत आहे, म्हणून काही काळ देहाला हात लावू नये असं ते म्हणतील. सकाळच्या पाळीला बेड रिकामा हवा असतो, हे मलाही माहीत आहे. तरी दहा मिनिटं भांडून मिळतात, मी मिळवलेली आहेत.

माझं स्वतःचं काय, असंही विचारलंयस. देवाबद्दलचं माझं मत आठवड्याला बदलतं. मरणानंतरचं ठाऊक नाही, आणि आता वयामुळे उत्सुकता जरा वाढली आहे. प्रार्थना मात्र करते. नोकरीत असताना हँडओव्हर झाला की कपडे बदलताना बेडचे नंबर मनात म्हणायचे, एक ते बावीस. कुणाकडे म्हणत होते ते सांगता येणार नाही. रात्रीत रिकामा झालेला बेड सुरुवातीला वगळत असे, पुढे वगळेनाशी झाले.

त्या आजींसाठी आता काही केलं तर चालेल का, हा तुझा शेवटचा प्रश्न. ज्यू लोक आईबाप गेल्यावर अकरा महिने कद्दिश नावाची प्रार्थना म्हणतात, आणि त्यासाठी निदान दहा जण जमावे लागतात. शोक करणाऱ्यांची ती प्रार्थना, पण तीत मरणाचा उल्लेख नाही, गेलेल्या माणसाचाही नाही. पहिल्यांदा वाचली तेव्हा काहीतरी गळलंय असं वाटून मी पान मागे-पुढे करून पाहिलं होतं.

त्यांचा बेड नंबर तू पत्रात लिहिला नाहीस. तुला तो पाठ असणार.

सुट्टी मिळाली की ये. पायाचं दुखणं आहे, जिना उतरवत नाही, पण घरीच असते.

तुझी,
सिस्टर