एडिसनला घर घेतलं. आता ‘डीडची (म्हणजे घराच्या खरेदीखताची) प्रमाणित प्रत ९० डॉलरला’ असं पत्र आलंय. पैसे भरायचे का?

अजिबात भरू नका. न्यू जर्सीत बहुतेक ठिकाणी डीड काउंटी क्लर्ककडे, म्हणजे काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या) नोंदणी ऑफिसात नोंदवतात. एडिसन मिडलसेक्स काउंटीत येतं, म्हणजे ऑफिस न्यू ब्रन्सविकला. क्लोजिंगनंतर, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण झाल्यावर, टायटल कंपनी (मालकीची कागदपत्रं तपासणारी कंपनी) किंवा वकीलच डीड तिकडे पाठवतात. नोंद झाली की त्यावर तारीख आणि नोंदणी क्रमांक चढतो, आणि कागद तुमच्याकडे किंवा वकिलाकडे परत येतो. तो क्रमांक जपून ठेवा. हे रेकॉर्ड सगळ्यांना खुलं असतं, म्हणूनच तर पत्रवाल्यांना तुमचं नाव-पत्ता सापडला! प्रत हवीच असेल तर थेट क्लर्ककडे मागा, फार स्वस्तात मिळते. आणि हो, क्लर्क फक्त नोंद करतो, मालकी खरी की खोटी ते तपासत नाही. त्यामुळे डीडवरचं नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक दिसली तर वकिलाला लगेच फोन करा.