कोरडं बिस्किट चालत नाही, मग सकाळी काय खाऊ?

ती माझ्याकडे आहाराचा सल्ला घ्यायला आली तेव्हा तिला गरोदरपणाचा नववा आठवडा चालू होता. खुर्ची तिनं दाराजवळ ओढून घेतली. ‘मधेच उठावं लागलं तर,’ म्हणाली. मग खिडकी उघडायला सांगितली, कारण आधीच्या बाईंच्या अत्तराचा वास खोलीत राहिला होता. मला तो येत नव्हता.

सहा वर्षांपूर्वी तिला सीलिॲक रोगाचं, म्हणजे ग्लूटेन हे धान्यातलं प्रथिन आतड्याला न सोसण्याचं, निदान झालं होतं. तेव्हापासून गहू, जव आणि राय ही तिन्ही धान्यं बंद. पथ्य तिनं इतकं नेटानं सांभाळलं होतं की मलाच तिच्याकडून शिकावं. आणि आता, ज्या महिन्यांत खाण्याकडे सगळ्यात जास्त लक्ष द्यायचं, त्याच महिन्यांत घास पोटात टिकत नव्हता.

‘मॅडम, मला सगळे एकच सांगतात. उठायच्या आधी अंथरुणातच काहीतरी कोरडं खा. टोस्ट, खारं बिस्किट, क्रॅकर. यातलं एकही मला चालत नाही. मग मी काय खाऊ?’

सीलिॲक असलेल्या गरोदर बायका मला हा प्रश्न हमखास विचारतात, पण बहुतेक वेळा त्यामागे आणखी काहीतरी दडलेलं असतं. मी गप्प राहिले. थोड्या वेळानं तिनं सांगितलं. तीन दिवसांपूर्वी नवऱ्यानं स्वतःसाठी ब्रेड भाजला होता. तेल, कांदा, साबण, सगळ्याच वासांनी तिला ढवळायचं. त्या दिवसांत बरा वाटणारा तो एकच वास होता. नवरा आत गेल्यावर तिनं अर्धी स्लाइस खाल्ली, उभ्या उभ्या. तासाभरानं जोराची उलटी झाली. ‘आता मला कळतच नाही, उलटी बाळामुळे होते की त्या ब्रेडमुळे. आणि बाळाला काही झालं असेल तर?’

शेवटचं वाक्य आधी हातात घेतलं. सीलिॲकमध्ये ग्लूटेन विषासारखं रक्तातून बाळाकडे जात नाही. आईचीच प्रतिकारशक्ती तिच्या लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करते, त्यावरचे बारीक केसांसारखे उंचवटे झिजतात आणि अन्नातलं लोह, फोलेट, कॅल्शियम नीट शोषलं जात नाही. हे महिनोन्‌महिने चालू राहिलं तर गर्भावर परिणाम होतो. ज्यांचं निदानच झालेलं नाही किंवा ज्या पथ्य पाळत नाहीत, त्यांच्यात गर्भपात, मुदतीआधी प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ यांचं प्रमाण जास्त दिसतं. सहा वर्षं काटेकोर राहिलेल्या बाईचं आतडं एका अर्ध्या स्लाइसनं त्या अवस्थेला जात नाही. हे ऐकल्यावर तिच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला.

पण ‘एवढ्याशानं काय होतंय’ असं मी म्हटलं नाही. ते तिला तिच्या बहिणीनं सांगून झालं होतं आणि त्यानं ती जास्तच घाबरली होती, कारण ते खरं नाही हे तिला ठाऊक होतं. मी कागद घेतला आणि हिशोब मांडला. ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपर्यंतच ग्लूटेन चालतं. दिवसाला साधारण १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांच्या आतड्याला इजा होत नाही. रोज ५० मिलिग्रॅम पोटात जात राहिलं तर होते. गव्हाच्या ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये असतं सुमारे २ ग्रॅम. म्हणजे तिच्या अर्ध्या स्लाइसमध्ये जवळजवळ १००० मिलिग्रॅम, शंभर दिवसांचा वाटा एका वेळी. घाबरवण्यासाठी नाही सांगितलं हे. मळमळ अजून कित्येक आठवडे राहणार होती आणि तो वास रोज सकाळी येणार होता. खोटा दिलासा घेऊन ती घरी गेली असती तर पुढची स्लाइस पूर्ण खाल्ली गेली असती, असं मला वाटतं. आकडे पाहून ती उलट शांत झाली.

मग उलटीचा प्रश्न. गर्भारपणातली मळमळ बहुधा सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, नवव्याच्या सुमारास सगळ्यात जास्त असते आणि बहुतेकींची सोळाव्या ते विसाव्या आठवड्यापर्यंत ओसरते. दहापैकी सात-आठ जणींना ती होते, आणि सकाळीच होते असंही नाही. २०२३ साली संशोधकांनी तिच्यामागचं एक महत्त्वाचं कारण पुढे आणलं: जीडीएफ-१५ नावाचं संप्रेरक. गर्भ आणि वार ते मोठ्या प्रमाणात तयार करतात आणि ते मेंदूतल्या उलटीच्या केंद्रावर काम करतं. गर्भारपणाआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं, त्यांना त्याची सवय नसते आणि त्रास जास्त होतो. हे मी तिला मुद्दाम सविस्तर सांगितलं. आपलं पोट नाजूक आहे, आपण पथ्यात कुठेतरी चुकतोय, म्हणून उलट्या होतात, असं तिनं धरून ठेवलं होतं.

ग्लूटेन पोटात गेल्यावरही काहींना तासा-दोन तासांत उलटी होते. त्यामुळे एकेका उलटीवरून ठरवता येत नाही, ठेवण पाहावी लागते. पोट रिकामं झालं की ढवळणं, वासानं उसळणं, रोज साधारण तसंच असणं, ही गर्भारपणाची ठेवण. एखाद्या ठरावीक जेवणानंतर पोट फुगणं, कळा, पातळ शौचाला होणं आणि पुढचे एक-दोन दिवस अंगातलं त्राण जाणं, ही ग्लूटेनची. तिला वही दिली. वेळ, काय खाल्लं, वास कोणता होता, पोट कसं होतं, एवढंच लिहायचं, मागच्या तीन दिवसांचंही आठवून. त्या आठवड्यात पातळ शौच एकदाच, ब्रेडच्या दुसऱ्या दिवशी. बाकी सगळ्या उलट्या पोट रिकामं असताना. उत्तर तिच्याच अक्षरात तिच्यासमोर होतं.

आता कोरडं बिस्किट. त्यात करामत गव्हाची नाही. ते कोरडं असतं, किंचित खारट असतं, त्याला वास नसतो आणि त्यातला स्टार्च पोटाला जड जात नाही. हे चार गुण ज्यात आहेत ते काहीही उशाशी ठेवता येतं. तिनं एकेक करून पाहिलं. मक्याच्या लाह्या घशात अडकल्या. बाजारातली ग्लूटेनमुक्त बिस्किटं इतकी गोड निघाली की तोंडाला पाणी सुटून उलटीच झाली. केळं नाही. फुगवलेल्या तांदळाच्या खारट चकत्या मात्र टिकल्या. आणि मला अनपेक्षित असं एक तिनंच शोधलं: रात्री उकडून गार केलेला बटाटा, वर मीठ, फोडी करून डबीत. पहाटे दोन फोडी खाऊन ती पंधरा-वीस मिनिटं पडून राहायची आणि मगच पाय खाली टेकवायची. गरम अन्नाचा वास पसरतो, गाराचा फारसा नाही, म्हणून दिवसभरही आम्ही गार भात, दही, गार उकडलेलं अंडं असंच ठेवलं. दर दोन तासांनी थोडं. पाणी जेवणासोबत नाही, मधल्या वेळात घोटघोट. ओट्सबद्दल तिनं विचारलं, तेव्हा मी थांबवलं. शेतात आणि गिरणीत त्यांत गहू सहज मिसळतो, त्यामुळे वेष्टनावर ग्लूटेनमुक्त असल्याची स्पष्ट खूण नसेल तर नकोच. आणि ही वेळ नवीन धान्य सुरू करून पाहण्याची नव्हती.

दुसऱ्या भेटीला मी नवऱ्याला सोबत बोलावलं. ‘मी तिच्यासमोर कधीच ब्रेड खात नाही,’ तो म्हणाला, आणि ते खरं होतं. तो स्वयंपाकघरात खायचा. वास घरभर फिरतो हे त्याच्या मनात आलं नव्हतं. तिनं निर्धार वाढवावा असं मी सुचवलं नाही. उपाशी, रात्री नीट न झोपलेल्या, दिवसातून सहा वेळा ओकणाऱ्या माणसाकडे निर्धार मागणं मला क्रूर वाटतं. टोस्टर चुऱ्यासकट कपाटात गेला आणि नवरा सकाळचं खाणं बाहेर खाऊ लागला. घरातला बदल एवढाच, पण माझ्या मते सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

डोहाळे मात्र गेले नाहीत. तिची आई म्हणायची, बाळच मागतंय, देऊन टाक. शरीराला ज्याची उणीव असते त्याचाच डोहाळा लागतो, असं सिद्ध झालेलं नाही. गव्हातून मिळतं ते सगळं दुसऱ्या अन्नातून मिळतं, बाळाला गहूच हवा असं काही नसतं. तरी डोहाळा लागलेल्या बाईला हे सांगून तिचा डोहाळा थोडाच जातो? म्हणून मी विचारते, नेमकं काय हवंय? डोळे मिटा आणि तो घास घ्या. तिनं मिटले. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘वरचा तांबूस थर. कुरकुर आवाज. त्यावर वितळणारं लोणी.’

मऊ ब्रेड त्यात नव्हताच. हवा होता तो भाजल्याचा खमंगपणा, आणि तो बटाट्याच्या कापात, तांदळाच्या पिठात, मक्याच्या पिठातही येतो. तिनं बटाट्याचे पातळ काप तव्यावर तांबूस होईपर्यंत भाजले आणि वर लोणी घातलं. ग्लूटेनमुक्त ब्रेड नुसता खाल्ला तर तोंडात पिठूळ लागतो, पण तिनं वेगळा ठेवलेल्या तव्यावर करकरीत भाजला तेव्हा गिळता आला. ‘तो ब्रेड नाहीच हा,’ तिनं फोनवर सांगितलं, ‘पण त्या वेळची तडफड थांबली.’ त्याहून जास्त मी तिला कबूल केलं नव्हतं.

एक डोहाळा मात्र तिनं सहज बोलता बोलता सांगितला, जणू तो डोहाळाच नाही. ती बर्फ चावत होती, दिवसाला वाडगाभर. बर्फ, खडू, माती, कच्चे तांदूळ अशा गोष्टी खाव्याशा वाटणं अनेकदा लोहाच्या कमतरतेशी जोडलेलं असतं. लोह शोषलं जातं लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, आणि सीलिॲकची सगळ्यात जास्त झीज तिथंच होते. डॉक्टरांनी रक्त तपासलं, लोहाचा साठा कमी निघाला. लोहाच्या गोळीनं मळमळ वाढते, म्हणून तिनं ती कुणाला न सांगता बंद केली होती, आणि सोबत फोलिक ॲसिडही! फोलिक ॲसिड थांबवायचं नव्हतं. पहिल्या आठवड्यांत त्याची सगळ्यात जास्त गरज असते, शिवाय ग्लूटेनमुक्त पिठांत ते वरून घातलेलं बहुधा नसतं. डॉक्टरांनी ते लगेच पुन्हा सुरू केलं. लोह रात्री झोपताना, दिवसाआड घ्यायला सांगितलं. गोळ्यांमध्ये भरण म्हणून वापरलेला स्टार्च कशाचा आहे, हे तिनं औषध विक्रेत्याला विचारून घेतलं. मक्याचा होता.

अकराव्या आठवड्यात गोष्ट हाताबाहेर जायला लागली. पहिल्याच भेटीत मी वहीच्या शेवटच्या पानावर तिच्यासाठी काही ओळी मोठ्या अक्षरात लिहिल्या होत्या: चोवीस तास पाणीही टिकत नसेल, आठ तास लघवी झाली नसेल किंवा ती फार गडद असेल, उठल्यावर चक्कर येऊन पडायला होत असेल, उलटीत रक्त दिसलं, पोटात जोराचं दुखलं, ताप आला, किंवा वजन मूळच्या ५ टक्क्यांनी उतरलं, तर मला फोन करत बसायचं नाही, थेट दवाखान्यात जायचं. तिचं मूळ वजन ५६ किलो, म्हणजे रेघ ५३च्या थोडी वर. एका संध्याकाळी तिचा फोन आलाच. काटा ५२.८ दाखवत होता आणि सकाळपासून लघवी नव्हती. ‘थोडं थांबून बघू का?’ मी नाही म्हटलं.

तिला दोन दिवस सलाईन लागलं. खूप दिवस ओकणाऱ्या बाईच्या शरीरातलं थायमिन संपत आलेलं असतं, आणि ते भरून न काढता ग्लुकोज दिलं तर मेंदूला इजा होऊ शकते. तिथल्या डॉक्टरांनी आधी थायमिन दिलं. नंतर मळमळीसाठी बी-६ जीवनसत्त्व आणि डॉक्सिलामिनच्या गोळ्या सुरू केल्या. त्या आधीच का मागितल्या नाहीत, असं तिला वाटत राहिलं. मलाही वाटतं की मी तिला दहाव्या आठवड्यातच त्यासाठी डॉक्टरांकडे पाठवायला हवं होतं. बटाट्याच्या यशानं मी थोडी निर्धास्त झाले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या ताटात टोस्ट आला. नवऱ्यानं तो लगेच परत पाठवला आणि ‘सीलिॲक, गहू-जव-राय वर्ज्य’ असा कागद पलंगाला चिकटवला.

अठराव्या आठवड्यात ती आली तेव्हा खुर्ची टेबलाजवळच होती. वजन ५५.५. बर्फ सुटला होता. दिवसाआड एखादी उलटी, बाकी ठीक. बटाट्याची डबी अजून उशाशी असते म्हणाली, सवय म्हणून. मग तिनं विचारलं, बाळालाही हे होईल का? सीलिॲक असलेल्यांच्या आई-वडील, भावंडं, मुलांमध्ये साधारण दहातल्या एकाला तो आढळतो, मी सांगितलं. तो झाला आहे का, हे बाळ गहू खायला लागल्यानंतरच तपासता येतं, आधी नाही. तिनं वहीचं नवीन पान उघडलं आणि वर ‘बाळ’ असं लिहिलं. खाली पहिली नोंद केली ती तिच्या स्वतःच्या पुढच्या लोह तपासणीच्या तारखेची.