सहाचे चौघे झालो, राजीनामा देऊ का?

प्रश्न: काका नमस्कार, मी कॅलिफोर्नियात एका स्कूल डिस्ट्रिक्टच्या टेक्नॉलॉजी डिपार्टमेंटमध्ये आहे, तीन वर्षं झाली. सहा जण होतो, दोघं गेले, त्यांच्या जागा भरायच्या नाहीत असं वरून आलंय आणि शाळा मात्र तेवढ्याच, अकरा. क्रोमबुक (मुलांचे गूगलवाले लॅपटॉप), प्रोजेक्टर, पासवर्ड सगळं आम्हीच बघतो. मार्चमध्ये अजून कपातीच्या नोटिसा निघणार अशी कुजबुज आहे. वर्ग अडू नये म्हणून मी रात्री घरून तिकिटं, म्हणजे शाळांनी नोंदवलेल्या तक्रारी, क्लोज करते. त्यात नवीन वायफाय बसतंय, तर टीचर विचारतात, याला पैसे आहेत मग माणसं का कमी केली? नवरा म्हणतो सोड आणि प्रायव्हेटमध्ये जा. काय करू?

उत्तर: अगं, आधी ती रात्रीची तिकिटं बंद कर. मी स्वतः शाळेच्या आयटीत हा वेडेपणा दोन वर्षं केलाय. आपल्याला वाटतं मुलांसाठी करतोय, पण वर बसलेल्यांना दिसतं काय तर चार माणसांत मस्त भागतंय! तुला पगार तासावर असेल तर जादा वेळेचे दीडपट पैसे किंवा दीडपट सुट्टी हा तुझा हक्क आहे, फुकट काम करून तू तुझ्याच जागेची किंमत शून्य करत्येस. तिकीट राहिलं तर ओपन राहू दे, दर शुक्रवारी किती राहिली आणि किती दिवसांची आहेत एवढं बॉसला मेल कर, रडगाणं नको, नुसते आकडे.

वायफायचं म्हणशील तर तो खिसाच वेगळा. ई-रेट म्हणून फेडरल योजना आहे, त्यात इंटरनेटच्या खर्चावर २० ते ९० टक्के आणि वायफायच्या खर्चावर ८५ टक्क्यांपर्यंत सूट मिळते, पण त्यातून ना क्रोमबुक घेता येतं ना कुणाचा पगार देता येतो. टीचर्सना हे कुणी सांगतच नाही, मग शिव्या तुम्हाला. आणि कोविडचा मदतनिधी, देशभरात मिळून साधारण १९० अब्ज डॉलर, तो कशावर खर्च करायचा हे ठरवायची शेवटची मुदत ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. बऱ्याच ठिकाणी त्यातून एकदम ढीगभर क्रोमबुक घेतली, माणसंही घेतली, आता पैसा आटला आणि मशिनं सगळी एकदमच म्हातारी झाली. वर कॅलिफोर्नियात शाळेला पैसे मिळतात हजेरीवर, मुलं कमी झाली की बजेट कमी.

मशिनांचं घाबरू नको. गूगलच्या ॲडमिन कन्सोलमध्ये प्रत्येक क्रोमबुक मॉडेलची अपडेट संपायची तारीख बघ, गूगलने २०२३ मध्ये ती मुदत दहा वर्षांपर्यंत नेली, जुन्या मॉडेलना मात्र ॲडमिनने सेटिंग चालू करावं लागतं. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण शाळांना जादा अपडेट पहिल्या वर्षी मशिनमागे एका डॉलरला मिळतात, मग दोन, मग चार. आणि भंगार टाकू नका. आमच्याकडे तीन मेलेल्यांतून एक जिवंत व्हायचं, स्क्रीन एकाची, कीबोर्ड दुसऱ्याचा.

आता नोकरीचं. नवऱ्याचं ऐक, पण लगेच नको. तू कायम क्लासिफाइड, म्हणजे पक्की शिक्षकेतर कर्मचारी, असशील तर उन्हाळ्यातल्या कपातीची नोटीस १५ मार्चच्या आत यायला हवी, २०२२ पासून तसा कायदा आहे. कपात होते सिनिऑरिटीने. तुझ्या वरच्या पदावरचा सिनियर माणूस आधी तुझ्या पदावर काम केलेला असेल तर तो खाली येऊन तुझी जागा घेऊ शकतो, याला तिथे बम्पिंग म्हणतात, शब्द ऐकायला गंमतशीर वाटतो, ज्याच्यावर येतं त्याला नाही. तेव्हा एचआरकडून सिनिऑरिटी लिस्ट आत्ताच मागून घे, तारखा चुकलेल्या सापडतात हं, आणि युनियनच्या माणसाला दाखव.

राजीनामा दिलास तर पुन्हा घेण्याच्या यादीत नाव नाही. काढलं तर ३९ महिने त्या यादीत राहतेस, वर बेकारी भत्ताही मागता येतो. शिवाय कॅलपर्सची, म्हणजे तिथल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शन फंडाची, पेन्शन लागू व्हायला पाच वर्षांची सर्व्हिस लागते, तुझी झालीयत तीन. बाहेर अर्ज करत राहा, इंटरव्ह्यू दे, पण हातात चांगली ऑफर आल्याशिवाय मार्चच्या आधी स्वतःहून उठू नको. लिस्टमध्ये तुझ्या खाली कितीजण आहेत ते कळलं की मला परत लिही.